अकरा घरं

ब्रॅडफर्डच्या वर, एप्रिलच्या चिखलात
गाडी खालीच ठेवून चढावं लागलं.
पुढे हेझल कॉर्लिस, वय एक्क्याऐंशी,
मागे मी, नकाशा सांभाळत.

एकशे चाळीस एकर. ती जमीन देत नाहीये कुणाला.
देतेय फक्त बांधायचा हक्क,
तोही कुणी कधीच वापरू नये म्हणून.
करखात्याला आकडा हवाय:
दिलं ते केवढ्याचं?

कुंपणाच्या दगडांतून एक वाट गेलेली.
नकाशात नव्हती. कुणाची, विचारलं.
"डॉनीची. झऱ्यावर जातो. त्याचा बापही जायचा."
कागद आहे?
"बूट आहेत."

आमच्याकडे याला वहिवाट म्हणतात, मी म्हणालो.
वही म्हणजे नोंदी, वाट म्हणजे वाट.
फोड साफ चुकीची, पण तिला आवडली.
तीनदा म्हणून पाहिला तिने तो शब्द,
तीनदा जिभेवर घसरली.

रीत सोपी आहे आमच्या धंद्यात.
आधीची किंमत, नंतरची किंमत,
वजाबाकी म्हणजे दान.
पण आधीची काढायची तर घरं बांधावी लागतात.

बांधली. मोटेलच्या टेबलावर, एका दुपारी, अकरा.
प्रत्येकी पाच एकर, पूर्वेला दरी,
सेप्टिक टँकपुरता उतार, रस्त्याला खडी.
मेपलची राई कापून वळण काढलं.
सातव्याला उगाच पडवी दिली.
आकड्यात पडवीला काही जागा नसते,
पण तिथे कुणी तरी ओले बूट काढत होतं
आणि आतून त्याला हाक आली.

जेवून आलो आणि सगळी पाडली.
चार लाख बारा हजार डॉलर.

मे महिन्यात अहवाल घेऊन गेलो.
तिने आकडा पाहिलाच नाही.
प्लॉटांच्या पानावर बोट फिरवत राहिली,
सातवर थांबली.
"इथे सेप्टिक?"
हो. कागदावर.
"इथे रॉयने बैल पुरलेत. स्टार आणि ब्राइट.
अडुसष्टच्या हिवाळ्यात. जमीन गोठलेली,
दोन दिवस पहारीनं खणत होता माझा भाऊ."

माती तपासली होती मी,
खडक किती खोल, पाणी कुठवर येतं.
बैल धरले नव्हते.

म्हणजे घरं अकरा की दहा?
गाडीत बसून विचार करतोय.
वर डॉनी झऱ्याकडे निघालाय, बादली हलवत,
आणि हेझल दारातून बघतेय
की हा माणूस अजून गेला का नाही.