बोट

मीटर कुठं आहे विचारलं की
लोक जाग्यावरनंच भिंतीकडं बोट दाखवतात.
एकतीस वर्षं मी बेळगावच्या भिंती वाचल्या.
शहापुरात मागाच्या धुळीत बुडालेले आकडे,
टिळकवाडीत नातवंडांच्या बक्षिसांखाली दडलेले,
आणि कॅम्पात, रिबेलोबाईंच्या जिन्याखाली,
फ्यूजच्या शेजारी तारेत अडकवलेली
निळी प्लेट.
तीन डोलकाठ्या. शिडं पोटुशी.
काठानं गोल फिरलेली दोरी, पीळ न् पीळ छापलेला.
त्या दिवशी रीडिंग चुकलं माझं.
बाईंना तीन महिन्यांचं बिल एकदम गेलं,
तरी पुढच्या खेपेला चहा दिला त्यांनी.

बाई गेल्या. बंगल्यावर दुसरं नाव लागलं.
प्लेट मला खडेबाजारात भेटली,
बाबाजानच्या गाड्यावर, कुकरच्या झाकणांत.
"एष्टु?" मी कानडीत विचारलं, कमी सांगेल म्हणून.
"पाचशे," तो मराठीत म्हणाला, मला ओळखून.

मग लागलंच ते.
निपाणीच्या वखारीतनं तपकिरी,
गोकाकच्या गिरणीतल्या क्वार्टरमधनं एक काठ उडालेली,
एक तडकलेली, पण पाठीला पितळी टाके घालून
कुणीतरी नेटानं शिवलेली.
ती घेताना मी घासाघीस केली नाही.

शेवंता म्हणाली,
"वाढायचं नाही, जेवायचं नाही,
मग प्लेट कशाला म्हणायचं तिला?"
आणि मी ड्यूटीवर असताना एकीत सांडगे वाळत घातले.
संध्याकाळी बघतो तर
सगळा समुद्र तिखटमिठाचा.

समुद्र म्हणजे आम्हाला चोर्ल्याच्या घाटापलीकडचा.
इथं मार्कंडेय नदी,
तिच्यात म्हशी तरंगतात, त्याही उन्हाळ्यात टेकतात.
माझं घर पाण्यापासनं इतकं लांब
की सहा बोटी भिंतीवर असूनही
एकीलाही कधी ओल आली नाही.

सातवी घेऊन खानापूरला गेलो,
भरमाण्णा कुंभाराकडं. खरी का खोटी, एवढंच विचारायला.
त्यानं हात धोतराला पुसले.
चित्राकडं बघितलंच नाही.
पालथी केली, नखानं टिचकी मारली,
कान लावून थांबला, मडकं ऐकावं तसा.
"भाजणी बरी आहे."
मग किनारीवरनं नख फिरवत आणलं
आणि एका जागी अडवलं.
"हितं जोड. दोरी जुळली नाही बघा.
छापाचा कागद कमी पडला,
कुणीतरी ओढून बसवलाय."
तीन वर्षं मी ती रोज पुसत होतो.

"आणि हे हितं," काठाखाली, मागं,
झिलई न लागलेला एक डाग, तांदळाएवढा.
"बुडवताना धरलेली, त्याची खूण."
त्यानं आपलं बोट त्यावर ठेवलं. मावलं नाही.
मी ठेवलं. माझंही नाही.
"बाईमाणूस असंल," भरमाण्णा म्हणाला.
"न्हाईतर पोर."
आणि चाकाकडं वळला. भट्टी लावायची होती त्याला.

आता मीटर कंपाउंडच्या भिंतीला असतात.
पोरगं येतं, मशीन धरतं, कागद फाडतं, जातं.
आत कुणी येत नाही.
सहा जागच्या जागी आहेत.
सातवी मी पालथी टांगली.

शेवंता चिडते.
"पाव्हण्यांनी विचारलं तर काय दाखवायचं?"
म्हटलं,
बोट.