फर्निश

घणसोलीच्या रात्रवर्गात
केणी मॅडम फळ्यावर लिहितात: फर्निश.
हे येतं मला.
सेक्टर सातला मी पुसते ते फ्लॅट,
सोफा, पडदे, भाडं जास्त.

तो घरगुती अर्थ, मॅडम म्हणतात.
सरकारी अर्थ: सादर करणे.
तेव्हा पुढे खुर्ची येत नाही, कागद येतो.

पिशवीतलं पत्र उलगडते.
तिसऱ्या ओळीत तोच शब्द, आधी 'काइंडली'.
इथलेच असल्याचा पुरावा मागतात.

सासऱ्यांच्या खाचरावर पेट्रोलपंप.
बावडीवर जिम.
सातबारा वाळवीने वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत.

'मॅडम, याचा भूतकाळ?'
'मागे ईडी लावा.'
वर्ग हसतो.
मी वहीत लावून बघते.
फर्निश्ड.
पुन्हा तोच फ्लॅट,
आणि माझ्या हातात फडकं.