पाठ

अनुसया धिवार, वय एकेचाळीस, सुतारदरा.
तळहातांना भेगा, बोटांच्या बेचक्यांत पाणी,
तीन वर्षं, अकरा मलमं.
डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं: पॅच टेस्ट.
आणि तोंडी सांगितलं,
जिथे जिथे भांडी घासता
तिथला साबण आणा, थोडा थोडा.

तिनं सहा डब्या आणल्या,
होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या, धुऊन वाळवलेल्या.
प्रत्येकीवर चिकटपट्टी, प्रणोतीच्या अक्षरात:
गोडबोले. शहा दुसरा मजला. पोरांची रूम.
डहाणूकरच्या आजी. बँकवाले.
सहावीवर नुसतं 'ते'.
"ते देईनात.
म्हणाले, कशाला पाहिजे, कुठं तक्रार करणार?
मग घासणीच पिळून आणली."

मी सगळं पातळ केलं, शंभरात एक.
"मी तर घट्टच लावते," ती म्हणाली
आणि पाठ उघडी करून बसली.

पाठ लख्ख होती.
हातांचं वय पाठीला माहीतच नव्हतं.

वरच्या ओळींत नेहमीचे:
निकेल, सिमेंटातला क्रोमेट, रबर, अत्तरं,
केसांचा काळा रंग, टिकलीचा डिंक,
परिरक्षकं,
मुठेकाठी माजलेलं काँग्रेस गवत.
खालच्या ओळीत कोथरूड.
"सगळी घरं एका रांगेत," ती म्हणाली,
"आणि कुणीच हाक मारत नाही."

दोन दिवस पाठीला पाणी नाही.
घाम येऊ द्यायचा नाही.
ओझं उचलायचं नाही.
एप्रिल होता.
ती माझ्याकडे बघत राहिली,
मी छापील कागदाकडे.

सोमवारी लावलं, बुधवारी काढलं, शुक्रवारी वाचलं.

निकेल कोरं. गवत कोरं.
टिकलीच्या जागी जरा गुलाबी,
मी शंकेचं चिन्ह टाकलं.
गोडबोले, शहा, पोरं, कोरे.
'ते'सुद्धा कोरे.
हे तिला काही केल्या पटेना.
"नीट बघा हो मॅडम. तेच असणार."

आजींच्या खणात मात्र
लाल, उठलेलं, बारीक फोडांचं:
दोन अधिक.
वर, परिरक्षकांच्या ओळीत, त्याचंच जुळं.

ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, आजींकडे वडी होती आधी.
माझे हात बघून त्यांनी बाटली आणली,
महागातली, लिंबाची,
वर लिहिलंय म्हणे, हातांना मऊ.

मी नाव सांगितलं, तुकडे पाडून, सावकाश:
मिथाइल. आयसो. थायझोलिनोन.
"मिथिला," ती म्हणाली,
"आडनाव तुमच्याकडंच राहू दे.
करते काय पण ही?"
साबण नासू नये म्हणून घालतात.
"साबण पण नासतो होय!"
असं हसली की कडेची चिकटपट्टी सुटली.
मग विचारलं,
आजींना काय सांगू?
मी फॉर्म वरखाली पाहिला.
त्याला खण नव्हता.

जूनमध्ये पौड रोडच्या दुकानात दिसली.
शेल्फासमोर उकिडवी,
प्रणोतीच्या मोबाइलचा टॉर्च लावून
एकेक बाटली उलटी करत होती.
पुढच्या लिंबांकडे, फुलांकडे बघतही नव्हती.
इंग्रजी येत नाही तिला.
"लांबलचक शब्द, मधे नागमोडी झेड.
पाठ केलाय," म्हणाली, "पाठीवरनंच."

आजींना अजून सांगितलेलं नाही.
बाटली तशीच ओट्यावर असते,
ही वडी कनवटीला लावून नेते,
आणि आठवड्याला थोडं लिंबू
मोरीत ओतून टाकते,
संपलेलं दिसावं म्हणून.

मी पाकीट काढायला हात पुढे केला.
आठ वर्षं हातमोज्यांत असलेला हात.
तिनं बाटली खाली ठेवली,
माझं मनगट धरलं,
टॉर्च बोटांच्या बेचक्यांत फिरवला.
"आणि हे, मॅडम?
हे कधीपासनं?"