टिकलीपर्यंत पाणी

होटगी रोडला, डांबर चपलेला चिकटतंय अशा दुपारी
मी माझ्याच गाडीच्या संडासासमोर
गुडघे टेकून बसलोय.
गाडी म्हणजे जुना टेम्पो ट्रॅव्हलर,
दोन बाकं, एक शेगडी,
आणि पडद्यामागे हा पांढरा कमोड,
ज्याच्यासाठी मुळात गाडी घेतली.

पायाने दाबलं की खालची झडप सरकते,
सोडलं की मिटते.
मिटायला हवी.
भांड्यात दोन बोटं पाणी राहायला हवं,
तेवढंच पाणी वासाला खाली धरून ठेवतं.
रात्री ओतलेलं सकाळी नसतं.
चार दिवस झाले.

आई काही बोलली नाही.
फक्त तांब्या भरलेलाच राहू लागला.

जुनी सवय तिची.
बत्तीस वर्षं नर्सबाई. वळसंग, मंद्रूप, तिऱ्हे,
लसींचा डबा मांडीवर, एसटीची खिडकी.
बायांना सांगायची, भरपूर पाणी पीत जा गं,
आणि स्वतः अर्ध्या कप चहावर
संध्याकाळी घर गाठेपर्यंत.
स्टँडवरच्या मुतारीचं तिने कधी नावही काढलं नाही.
मूतखडा निघाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, पाणी कमी पडलं.
नळाला पाचव्या दिवशी पाणी येणाऱ्या गावात
हे काय सांगणं झालं?

मल्लेशम कुरापाटी आला, पान्यांची पिशवी सायकलला.
आधी यंत्रमाग दुरुस्त करायचा, आता जे गळेल ते.
तेलुगूत पुटपुटत त्याने बोल्ट काढले,
रबराची कडी बोटावर फिरवली.
"तेल कुणी लावलं?"
मी. खोबरेल.
"भजं झालंय बघा फुगून.
डोक्याचं तेल डोक्याला लावावं की, साहेब."

मग खाच.
नखाने खरवडली तर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर,
चुन्यासारखा, कडेकडेने.
लिंबू पिळलं, जुन्या ब्रशने घासलं,
मी हात घातला तिथे, जिथे घालवत नव्हता.
नवी कडी बसवताना तो म्हणाला,
"ओठ वर ठेवायचा.
पाण्याचं वजन पडलं की आपोआप मिटतो."

पाणी ओतलं. आता खूण कशाने करायची?
पेन्सिल ओल्यावर उठेना.
आईने कपाळावरची टिकली काढून पुढे केली.
मल्लेशम मागे सरकला, "मावशी, कपाळाची?"
"चिकटतेय ना? लाव."

रात्री तीनला मी बॅटरी घेऊन उठलो.
पलीकडच्या कारखान्यात माग चालू होते, खटाक् खटाक्,
आणि भांड्याच्या आत, पाण्याच्या काठावर,
लाल टिकली. अर्धी बुडालेली,
लावली तशीच.

सकाळी जाग आली ती झडपेच्या आवाजाने.
तांब्या पालथा होता.
"निघायचं कधी?" पडद्यामागून आली,
पदराला हात पुसत.
"आणि अक्कलकोट नाक्यावर शहाळी मिळतात.
दोन घे.
तुला हवं असेल तर तीन."