टॉर्च जरा डावीकडं

रबाळ्याच्या सिग्नलला काटा लाल रेघेवर गेला
आणि बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली,
इडलीच्या भांड्यातून निघावी तशी, शांतपणे.
मागच्या टेम्पोवाल्याला शांतता मानवली नाही.

फोनमध्ये तीन नंबर होते.
एक विम्याचा. एक सर्व्हिस सेंटरचा.
आणि एक, जो यापुढे लावायचा नाही असं
बेलापूरच्या कोर्टाच्या पायरीवर ठरलं होतं.
वाटणीत गाडी माझ्याकडे आली,
गाडीतलं कळणारा माणूस तिकडे.

सर्व्हिस सेंटरात कॉफी होती,
टाय लावलेला मुलगा होता.
"सर आलेत का सोबत?"
सर नाहीत, म्हटलं. मीच आहे.
त्याने कागद दिला:
रेडिएटर, वॉटर पंप, कंडेन्सर, किरकोळ.
एकतीस हजार चारशे.
त्यातलं किरकोळच चार हजारांचं.
किरकोळ म्हणजे काय, ते विचारलं नाही;
विचारायलाही आधी थोडं कळावं लागतं.

लॅबमधल्या डायसबाई म्हणाल्या, घणसोली गावात जा,
देवळामागे, पाटी नाही, हिराजी मढवी.
फार बोलत नाही.

खरंच नाही बोलला. अर्धा तास नुसता कान देऊन बसला,
मग हात आत घातला,
बाहेर आला तो हिरवा, ओला.
"ह्यो पायप. बाकी सगला नीट हाय."
जुना पाइप माझ्या तळहातावर ठेवला:
जून भेंडीसारखा निबर, टोकाला चिरलेला.
"दाबून बगा."
मी दाबला. बघितल्यासारखं केलं.

पाइप, कूलंट, मजुरी मिळून नऊशे तीस.

खोटं कशाला सांगू, विश्वास बसला नाही.
एकतीस हजारांवर होता, असंही नाही.
चार दिवस रस्त्यापेक्षा काट्याकडेच बघत
महापे ते कोपरखैरणे, कोपरखैरणे ते महापे.

पाचव्या रात्री साडेनऊला फोन.
"ताई, गाडी काडू नका.
खालचा एक बोल्ट मी हातानंच फिरवला,
पान्यानं आवललाच नाय.
आता जेवताना आठवला."

जेवताना.
माझी गाडी, त्याच्या ताटात.

स्कूटरवरून आला, हाताला बोंबलाचा वास.
मी गाऊनवर ओढणी घेऊन खाली,
वॉचमन खुर्ची वळवून बसलेला.
जॅक लावून तो गाडीखाली सरकला.
"टॉर्च जरा डावीकडं, ताई."

आमच्या घरी फ्यूज जायचा तेव्हा
टॉर्च दादाच्या हातात असायची.
मला सांगायचे, तू बाजूला हो, अंधार करू नकोस.

मी टॉर्च डावीकडे घेतली.
उजेडात बोल्ट दिसला, करंगळीएवढा,
ज्याच्यासाठी एक माणूस भात टाकून उठला होता.

"शेवटचा येढा तुमी द्या."
पाना जड होता. मी दिला.
घट्ट झालं हे कसं ओळखायचं?
"हात सांगतो.
सांगितला का थांबाचा.
जास्त आवललं तं आटे जातात."

मी थोडा वेळ तशीच बसून राहिले, पाना धरून,
खालची फरशी गार लागत होती.

पैसे पुढे केले तर रागावला.
"माजी चूक, तिचं पैसं तुमी कशाला?"
पाणी मात्र प्यायला, दोन ग्लास.

परवा मीच फोन केला.
हिराजी, आवाज येतोय,
पुढून, उजवीकडून, वळतानाच फक्त,
आणि गाडीत मी एकटी असले की जास्त.
तो काही बोलला नाही.
पलीकडे कुणाचा तरी हॉर्न दुरुस्त होत होता,
वाजायचा, थांबायचा, परत वाजायचा.
"आना," म्हणाला.