मे महिन्यातला स्वेटर

मे महिना. पाठभर घामोळं,
आणि माझा निशांत डब्याच्या पिशवीत स्वेटर कोंबतो.
रात्रपाळी. खाडीपलीकडे, ऐरोलीला,
जिथं माणसं मोजकी, यंत्रं रांगेनं उभी,
आणि सगळा गारवा यंत्रांसाठी.
"त्यांना ताप चढला तर बोंब होते, आई."
तापाचं मला नको सांगूस, बाबा.

मी माहुलची आरोग्यसेविका.
बिल्डिंग चोवीस ते एकतीस. लिफ्ट बंद, पाय चालू.
आधी रजिस्टर होतं, निळ्या पुठ्ठ्याचं,
आता ॲप.
द्वारकाबाई तोरणे, एकसष्ट, खोकला. टिक.
अफसाना, चार, धाप, रात्री जास्त. टिक.
सातव्या मजल्यावरचे डिकुन्हा दार उघडत नाहीत,
आतूनच खोकून दाखवतात:
ऐकलंस ना? लिही.
लिहिते. चाक गरगर फिरतं.
माहिती पाठवली.

अफसानाला तक्त्यावरची चिमणी दाखवली,
तर तिनं खिडकीबाहेर बोट केलं.
चिमणी तर ती.
मग तक्त्याकडे बघत राहिली बराच वेळ.
हिचा धूर कुठंय?

कुठं जातं रे हे सगळं, मी विचारलं एकदा.
"क्लाउडवर."
ढगात?
"ढग कसला! आमच्याच शेडमध्ये येत असेल एखादे वेळी.
तुझ्या द्वारकाबाईंचा खोकला, माझ्या रॅकवर."
हसला. बोंबलाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला.
आणि तुमच्या शेडला वीज?
त्यानं खिडकीकडे पाहिलं नाही, म्हणून मला कळलं.
"सगळी नाही तिथली. सोलरची पण घेतात आता,
करार असतात, आई, तुला नाही समजणार."
आडात जे असेल तेच पोहऱ्यात येणार,
एवढं तर समजतं.

पण फोनला शिव्या कशा घालू?
आधी द्वारकाबाईंना शीवला न्यायचं म्हणजे
दोन बस, एक रिक्षा, सबंध दिवस,
आणि जिना चढून परत येईपर्यंत
घेतलेलं औषध धापेतच संपायचं.
आता डॉक्टरीणबाई माझ्या फोनमध्ये येतात,
म्हणतात, जीभ दाखवा, श्वास घ्या, सोडा.
अकरा मिनिटं.
तेवढा धूर वाचला ना कुणाचा तरी?
हिशेब कुणी मांडलाय, ठाऊक नाही.
ॲपमध्ये त्याचा रकाना नाही.

एका रात्री झोप येईना, तर फोन पुसायला बसले.
नणंदेचे सुप्रभातचे गुलाब, तीनशेच्या वर,
सारसाबाईंच्या नातवाचं बारसं, एकच फोटो नऊ वेळा,
कुणाच्या तरी मोदकांचा व्हिडिओ.
एकेक दाबून काढला.
पलीकडे निशांतच्या शेडमध्ये
एखादा दिवा तरी विझला असेल का?
भिंतीपलीकडे अफसाना तशीच
शिट्टीसारखी वाजत होती.

शनिवारी ते जनरेटर चालवून बघतात.
वीज गेलीच तर म्हणून.
वीस मिनिटं, डिझेलवर.
रविवारी मी स्वेटर भिजवते
आणि बादलीतलं पाणी
राख कालवल्यासारखं होतं.
मीच विणलाय तो, राखाडी लोकरीचा.
रंग जातोय म्हणायची मी आधी.

परवा त्यानं पहाटे येऊन बूट काढले,
बाथरूममध्ये नळ सोडला मोठा,
मला ऐकू जाऊ नये म्हणून.
सतरा वर्षं लोकांच्या दारात उभी राहून
मी हेच ऐकत आलेय.
ओला, सुका, बिडीचा, सवयीचा,
दाराआडचा, नळाआडचा.

आज रात्री तो गेल्यावर ॲप उघडलं.
बिल्डिंग सव्वीस, आमचाच मजला.
निशांत, सव्वीस, खोकला सुका, तीन आठवडे.
व्यवसाय विचारतं.
यादीत गवंडी आहे, शिवणकाम आहे, फेरीवाला आहे,
त्याचं काम नाही.
इतर.

बोट 'पाठवा'वर जरा थांबलं.
मग चाक फिरलं, गरगर,
गेलं खाडी ओलांडून.
स्वेटर घातला असशील ना रे.