रिलिव्हर

मीना अब्दुल्लाच्या कंट्रोल रूममध्ये पहाटेचे पाच चाळीस.
माझा रिलिव्हर साजीमोन अजून आलेला नाही.
मंगफकडून येणारी बस तोजमध्ये अडकलीय,
तोज म्हणजे धूळ, पण नुसती धूळ म्हटलं तर
तिचा अपमान होतो.
तो येईपर्यंत मला उठता येत नाही.
माणूस बदलल्याशिवाय इथली खुर्ची सुटत नाही.

लॉगबुकच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने
शुक्रवारच्या फायनलची टीम लिहितोय.
आठ नावं झाली.
नववं मिहीर नेहेते, वय पंधरा, डावखुरा,
बोटं अशी लांब की बेसबॉल त्यांत लिंबासारखा दिसतो.
त्याला पहिल्या चेंडूपासून उभा करायचा
की सहाव्या इनिंगला आणायचा,
तिथे पेन्सिल थांबलीय.

रिझाल्दो म्हणतो, मागे ठेव.
रिझाल्दो क्रेन चालवतो, वजनाचं त्याला कळतं.
पोराकडे दोनच चेंडू. एक वेगाचा,
एक वेगाचं सोंग घेतलेला.
पहिल्या फेरीत बॅटर फसतात,
दुसऱ्या फेरीत त्याला पेपरसारखा वाचून घडी घालतात.
शेवटी आण, म्हणतो. पंधरा चेंडू. नुसता जाळ.

खरं आहे. एप्रिलमध्ये मी स्वतः मोजलंय,
चाळिसाव्या चेंडूनंतर त्याचं कोपर खाली येतं,
बोटभर, कुणाला दिसणार नाही इतकं.
मला दिसतं. माझा जन्म काटे वाचण्यात गेला.

तिसरा चेंडू शिकवतोय दिवाळीपासून.
वळतो. कधी वळतो.
कधी पत्ता विसरलेल्या पाहुण्यासारखा
भलत्याच दारात जाऊन उभा राहतो.

त्याची आई अदान हॉस्पिटलात नर्स.
ती एवढंच म्हणाली, भाऊ,
हात कशात कमी दुखेल ते सांगा,
बाकी तुमचं तुम्ही बघा.
मी चहा पिऊन परत आलो.

मीसुद्धा इथे रिलिव्हर म्हणूनच आलो होतो.
दोन महिन्यांसाठी. कुणी थॉमस सुट्टीवर जाणार होता.
थॉमस गेला तो गेलाच.
एकोणीस वर्षं झाली,
लॉकरवर अजून त्याच्याच नावाचं स्टिकर.
त्याच्याही आधी, जळगावला, सॉफ्टबॉलच्या टीममध्ये
सर म्हणायचे, तू राखीव आहेस, गरम राहा.
जिल्ह्याच्या तीन स्पर्धा मी गरम राहिलो.

तेव्हा माझ्या मताचं काय धरायचं?
राखीव माणूस पोरालाही राखीव ठेवेल,
नाहीतर स्वतःचं उट्टं काढायला
त्याला पुढे ढकलेल.

समोर स्क्रीनवर दोन पंप. ए चालू, बी स्टँडबाय.
एकाच दिवशी, एकाच जहाजातून उतरलेले.
बी आम्ही दर सोमवारी तासभर फिरवतो,
गरज असो नसो.
नाही फिरवला तर बसल्या जागी
त्याचा शाफ्ट स्वतःच्याच वजनानं वाकतो.

परवा रात्री, दिव्यांखाली, चाळीस अंशांत,
टोपी पिळत मिहीर म्हणाला होता,
काका, सुरुवात दिली तर
कधी थांबवणार ते आधी सांगू नका.

सहा पंचवीस. साजीमोन आला,
भुवया पांढऱ्या, जणू रात्रीत म्हातारा झालेला.
हँडओव्हर घेताना नेमकं शेवटचं पान उघडलं.
"मिहीर, स्टार्ट. चाळीसला मी जाईन.
हा कुठला पंप?"
"नवीन आहे," मी बुटाची नाडी बांधत म्हटलं.
"कागदपत्रं?"
"अजून यायचीत."
"आणि याला स्टँडबाय कोण?"

बाहेर बसने हॉर्न दिला.
रिझाल्दोला सांगायचं अजून बाकी होतं.